जहाज आमचे, तोफ कोणाची?

माझगावच्या गोदीत नवी लढाऊ नौका पाण्यात सोडण्याचा समारंभ झाला म्हणजे नारळ फुटतो, बँड वाजतो, मोठमोठ्या अधिकाऱ्यांची व मंत्र्यांची भाषणे होतात आणि दुसरे दिवशी वर्तमानपत्रांतून 'स्वदेशी' हा शब्द ठळक टाइपात छापून येतो. त्या आनंदात आम्हीही सामील होतो. का होऊ नये? विशाखापट्टणम ही नौका 21 नोव्हेंबर 2021 रोजी नौदलात दाखल झाली, मोरमुगाव 18 डिसेंबर 2022 रोजी, इंफाळ 26 डिसेंबर 2023 रोजी आणि सूरत 15 जानेवारी 2025 रोजी. एकाच गोदीतून एकाच वर्गाच्या चार विनाशिका, प्रत्येकीची लांबी 163 मीटर व वजन सुमारे 7,400 टन, अवघ्या सव्वातीन वर्षांत बाहेर पडाव्यात, ही गोष्ट अभिमानाची नव्हे असे म्हणणारा मनुष्य एक तर अज्ञानी असला पाहिजे किंवा दुष्ट तरी. परंतु समारंभाचा मांडव उतरल्यावर हिशेबाची वही उघडण्याचे काम कोणी तरी करावयास हवे, आणि ते अप्रिय काम वर्तमानपत्राकडेच येते.

त्या वहीत पाहिले असता असे दिसते की, नौदलाचे अधिकारी स्वतःच जहाजाचे तीन हिस्से करून बोलतात. पहिला तरण्याचा, दुसरा चालण्याचा आणि तिसरा लढण्याचा. जहाज तरण्यास जे लागते, म्हणजे पोलाद, सांगाडा, तळ, भिंती, त्यांत स्वदेशीचा अंश शेकडा नव्वदच्या घरात गेला आहे. चालण्यास जे लागते, म्हणजे यंत्रे, पंखे, दंड, त्यांत तो शेकडा साठीच्या आसपास घुटमळतो. आणि लढण्यास जे लागते त्यांत तो निम्म्याच्या आगेमागे आहे. हे अंदाज अधिकाऱ्यांनीच वेळोवेळी जाहीरपणे सांगितलेले आहेत, आमच्या पदरचे नाहीत. म्हणजे ज्या कारणासाठी लढाऊ नौका बांधावयाची त्या कारणाच्या जितके जवळ जावे तितके आमचे हात आखूड पडतात. घर बांधले स्वतः, दारे-खिडक्या निम्म्या उसन्या आणि कुलूप मात्र शेजाऱ्याचे, अशातलाच हा प्रकार नव्हे काय?

आज आम्ही या सर्व शस्त्रसंभारांतून एकाच वस्तूविषयी बोलणार आहो, ती म्हणजे तोफ. जहाजावर तोफ बसविणे म्हणजे काय, याची कल्पना किनाऱ्यावरच्या माणसास सहसा नसते. किल्ल्याच्या बुरुजावर तोफ ठेवावी तशी ती डेकवर नेऊन ठेवली की काम झाले, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती अशी आहे की, तोफ येण्यापूर्वी कित्येक महिने तिच्या बैठकीचे काम चालू असते. डेकच्या खाली पोलादाची वर्तुळाकार भिंत उभारून तिच्यावर जाड कडे जोडतात. तोफेचा सगळा भार व प्रत्येक बारास बसणारा मागचा धक्का या कड्यातून खाली जहाजाच्या बरगड्यांत उतरतो. या कड्याचा माथा जागच्या जागी यंत्राने तासून इतका सपाट करावा लागतो की, चुकीचे माप मिलिमीटरांत नव्हे, तर मिलिमीटरच्या अंशांत सांगतात. गवंडी पाणसळ लावतो ती जमीन स्थिर आहे म्हणून. येथे तर जमीनच पाण्यावर डुलत असते. म्हणून जहाजाचे स्वतःचे असे एक मूळ पातळ ठरवून रडार, दिशादर्शक व तोफ ही तिन्ही त्याच एका पातळाशी जुळवावी लागतात. रडारने सांगितलेला कोन आणि तोफेने घेतलेला कोन यांत किंचित फरक राहिला, तरी कित्येक मैलांवर गोळा भलतीकडेच जाऊन पडणार, हे सांगावयास गणिती नको.

यात एक गमतीचा भाग असा की, हे जुळवणीचे माप भर दिवसा घेऊन चालत नाही. आमच्या कोकणपट्टीचे ऊन एका बाजूने तापले की जहाजाचे पोलाद त्या बाजूस फुगते आणि दीडशे मीटर लांबीचा सांगाडा डोळ्यांना न दिसेल असा वाकतो. यासाठी कुशल कारागीर हे काम रात्री अथवा सूर्योदयापूर्वी करतात, म्हणजे दोन्ही बाजूंची उष्णता सारखी असते. शहर झोपलेले असता गोदीतील फिटर दिव्याच्या उजेडात दुर्बिणीला डोळा लावून बसलेला असतो. समारंभाच्या छायाचित्रात तो कोठेच दिसत नाही, हा भाग निराळा.

बैठक जुळली, तोफ चढली, तारा व तेलाच्या नळ्या जोडल्या, की बंदरातली परीक्षा सुरू होते. नळी खालपासून वरपर्यंत उचलून पाहावयाची, डावीकडून उजवीकडे फिरवून पाहावयाची, खोटी काडतुसे भरून दारूगोळ्याचा पाळणा अडकतो की काय ते पाहावयाचे. तोफ ज्या कोनात आपल्याच डोलकाठीवर किंवा आपल्याच कप्तानाच्या खोलीवर रोखली जाते, त्या कोनात ती उडूच नये अशी व्यवस्था केलेली असते, तिची खात्री करून घ्यावयाची. मग खोल समुद्रात जाऊन खरे बार काढावयाचे. नळी अगदी खाली, अगदी वर, अगदी डाव्या टोकास, अगदी उजव्या टोकास नेऊन, म्हणजे जहाजाच्या अंगावर जास्तीत जास्त ताण येईल अशा रीतीने. प्रत्येक बारानंतर नळी किती मागे सरली व ती पूर्ववत पुढे आली की नाही हे मोजतात. नंतर डेकचे सांधे, बैठकीचे बोल्ट, जवळपासचे दिवे व उपकरणे एकामागून एक तपासतात. ही परीक्षा तोफेची जितकी, तितकीच जहाजाचीही असते. वकिलीच्या भाषेत बोलावयाचे तर ही उलटतपासणी आहे. तीत जो साक्षीदार टिकला तोच खरा.

ही उलटतपासणी शांततेच्या काळात घाई न करता होते. युद्धकाळात काय होते ते पाहावयाचे असेल तर वाचकांनी 1942 साल आठवावे. त्या वेळी हिंदुस्थानच्या नौदलासाठी बेंगॉल, बॉम्बे, मद्रास व पंजाब अशा चार लहान कॉर्व्हेट नौका तयार झाल्या. त्या कोठे बांधल्या? ज्या मुंबईच्या गोदीने दीडशे वर्षे जगातील उत्तम लढाऊ जहाजे बांधली तेथे नव्हे. ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या गोद्यांत. परकीय सत्तेने आमचा जहाजबांधणीचा धंदा आधी बसवला, आणि युद्ध दाराशी आल्यावर आमच्याच नावाच्या नौका समुद्रापलीकडे बांधवून घ्याव्या लागल्या. बेंगॉल ही त्यांपैकी एक, वजनाने जेमतेम 650 टन, ऑगस्ट 1942 मध्ये नौदलात दाखल झाली. तिच्या वर्गातील काही भगिनी-नौकांवर 4 इंची तोफ होती. बेंगॉलच्या वाट्यास मात्र मुख्य तोफ म्हणून एक 12 पौंडी आली, आणि तिच्या जोडीस विमानांवर मारा करावयाच्या थोड्या लहान तोफा.

पुढे तीनच महिन्यांनी, 11 नोव्हेंबर 1942 रोजी, कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येस भर समुद्रात ही इवलीशी नौका ओंडिना नावाच्या डच तेलवाहू जहाजास सोबत करीत दिएगो गार्सियाकडे चालली असता तिची गाठ होकोकू मारू व आयकोकू मारू या दोन जपानी सशस्त्र जहाजांशी पडली. प्रत्येक जहाज दहा हजार टनांवर, प्रत्येकावर 140 मिलिमीटरच्या तोफांची रांग व शिवाय पाणतीर. बेंगॉलचा कप्तान विल्सन याने ओंडिनेस निसटण्याची खूण केली आणि आपली नौका सरळ शत्रूवर घातली. त्याच्या 12 पौंडी तोफेस एकूण 40 च्या आसपास गोळे होते. ओंडिनेच्या मागच्या अंगास जी एकच 4 इंची तोफ होती तिला 32. एवढ्या शिदोरीवर लढाई झाली. होकोकू मारूच्या पाणतिरांच्या जागी गोळा लागला, आग दारूच्या कोठारापर्यंत पोचली आणि ते प्रचंड जहाज समुद्राच्या तळाशी गेले. तो गोळा बेंगॉलचा की ओंडिनेचा यावर पुढे पुष्कळ वाद झाला, व बरेच अभ्यासक तो मान ओंडिनेच्या तोफेस देतात. आम्हांस त्या वादात न्याय द्यावयाचा नाही. ओंडिनेचा कप्तान त्या झटापटीत पडला, जहाजास पाणतीर लागले, तरी तिचे लोक पुन्हा जहाजावर चढले व ते फ्रीमँटलला परत घेऊन गेले. बेंगॉल अंगावर गोळ्यांच्या जखमा घेऊन दिएगो गार्सियास पोचली. स्वातंत्र्यानंतर हीच नौका भारतीय नौदलात राहिली.

हिंदी खलाशांच्या त्या धैर्याचे पोवाडे गाणे योग्यच आहे. परंतु आमच्या मनात दुसराच प्रश्न उभा राहतो. मोजके गोळे, एक लहान तोफ आणि समोर दोन राक्षस, अशा स्थितीत त्या खलाशांस कोणी पाठविले? ज्याच्या हाती तोफांचे वाटप होते त्याने. आपल्या घरच्या नौकांस काय द्यावयाचे आणि हिंदी नौकांस काय द्यावयाचे, हे आम्हांस न विचारता ठरत होते. शौर्य खलाशांचे, तोफ दुसऱ्याची. आणि ज्याची तोफ त्याची मर्जी.

आता एक योगायोग पाहा. त्या 12 पौंडी तोफेच्या नळीचा व्यास 3 इंच, म्हणजे 76 मिलिमीटर होता. आज 7,400 टनांच्या सूरत नौकेच्या पुढच्या डेकवर जी मुख्य तोफ आहे, तिच्या नळीचाही व्यास 76 मिलिमीटरच. कोणी घाईने असा अर्थ करू नये की, आम्ही 1942 सालातच उभे आहो. आजची तोफ मिनिटास 120 गोळे झाडते, तिला रडारचे डोळे आहेत, आणि नौकेची खरी ताकद तिच्या क्षेपणास्त्रांत आहे. परंतु हेही तितकेच खरे की, या वर्गाच्या नौकांसाठी मूळ योजना 127 मिलिमीटरच्या तोफेची होती. ती तोफ परदेशातून यावयाची होती. खरेदीचा व्यवहार वर्षानुवर्षे अडत गेला. नोव्हेंबर 2019 मध्ये अमेरिकेच्या सरकारने अशा 13 तोफा सुमारे 1.02 अब्ज डॉलरांस विकण्यास मान्यता दिली, तिचाही वर्तमानपत्रांतून गाजावाजा झाला. इतके होऊनही चारही नौका एकामागून एक ताफ्यात दाखल झाल्या त्या 76 मिलिमीटरची तोफ घेऊनच. जहाज वेळेवर तयार होते कारण ते माझगावात बनते. तोफ वेळेवर येत नाही कारण ती दुसऱ्याच्या दारात बनते. यापेक्षा अधिक स्पष्ट पुरावा कोणते न्यायालय मागेल?

वाशीच्या घाऊक बाजारातील एखादा व्यापारी म्हणेल, 'संपादकमहाशय, हे सगळे खरे. पण क्षेपणास्त्रांच्या युगात तोफ हवी कशाला, आणि आमच्या धंद्याशी तिचा काय संबंध?' दोन्ही प्रश्नांस एकच उत्तर आहे. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा न्हावाशेव्यास येणारी-जाणारी कितीतरी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि त्या वळशाचे भाडे शेवटी कोणाच्या बिलात चढले, हे व्यापाऱ्यांस आम्ही सांगावे असे नाही. त्याच संधीचा फायदा घेऊन सोमाली चाचे पुन्हा बाहेर पडले. त्यांनी पळवलेले रुएन नावाचे जहाज मार्च 2024 मध्ये आपल्या कोलकाता या विनाशिकेने गाठले. ही नौकाही माझगावचीच. चाच्यांनी गोळ्या झाडल्या. नौकेने मोजून-मापून मारा करून त्यांचे जहाज पंगू केले, 17 खलाशी जिवंत सोडवले आणि 35 चाचे पकडून 23 मार्चला मुंबईस आणून पोलिसांच्या हवाली केले. हे काम क्षेपणास्त्राने झाले असते काय? क्षेपणास्त्रास मारणे तेवढे ठाऊक. दटावणे त्यास ठाऊक नाही. ओलीस धरलेल्या माणसांनी भरलेल्या जहाजापुढे पाण्यात इशाऱ्याचा गोळा टाकणे, अथवा नेमके सुकाणूच मोडून बाकीचे शाबूत ठेवणे, हे तोफेचे व बंदुकीचे काम आहे. समुद्रावरील पोलिसी त्याशिवाय होत नाही, आणि व्यापाऱ्याला रोज लागते ती पोलिसीच. महायुद्ध त्याला शंभर वर्षांत एखादे वेळी भेटते.

या किनाऱ्यास ही गोष्ट नवी नाही. आंगऱ्यांच्या गुराबा कशा असत हे त्यांच्या शत्रूंनीच लिहून ठेवले आहे. गुराबेची नाळ पुढे लांब काढलेली, तिच्या मागच्या आडभिंतीस दारे पाडलेली आणि त्या दारांतून 9 ते 12 पौंडी अशा दोन तोफा समोर रोखलेल्या. शत्रूच्या पाठीस लागून त्याच्या सुकाणावर मारा करण्याची ही युक्ती आमच्या सुतारांनी व तांडेलांनी आमच्या पाण्यात शोधली. तोफ कोठे बसवावी ही अक्कल आमची होती; पण तोफांचा मोठा भाग मात्र फिरंग्यांकडून विकत घेतलेला किंवा त्यांच्या जहाजांवरून काढून आणलेला. आणि ते आरमारही शेवटी कसे गेले? फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत इंग्रजांच्या तोफगोळ्याने पेटले. आणि इंग्रज त्या खाडीत आले ते पेशव्यांचे मित्र म्हणून! घरच्या भांडणात परक्याची तोफ बोलावल्याचे ते फळ होते.

पुढे वाडिया घराण्याचे युग आले. मलबारी सागाची मिंडेन ही 74 तोफांची युद्धनौका 1810 मध्ये मुंबईत तरली. 1817 ची ट्रिंकोमाली तर अद्याप इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर उभी आहे. तिची कथा बोधप्रद आहे. ती मुंबईहून निघून 1819 मध्ये पोर्ट्समथला पोचली, तेथे वर्षानुवर्षे राखीव पडून राहिली आणि 1847 मध्ये 26 तोफांनिशी कामावर रुजू झाली. सांगाडा इथला, शस्त्र तिथले, हा नियम तेव्हापासूनचा. महादजी शिंद्यांनी उत्तरेत मोठा तोफखाना उभारला, तर त्याच्या तोफा ओतण्याच्या कारखान्यावर सँग्स्टर नावाचा स्कॉच माणूस नेमावा लागला. विद्या विकत मिळते, पण ती शिकणारा आपला मनुष्य बाजूस बसवला नाही तर शिकवणाऱ्याबरोबरच ती निघून जाते.

आणि 1946? 18 फेब्रुवारीस मुंबईच्या तलवार या नाविक शाळेत संप सुरू झाला आणि दोन-तीन दिवसांत तो गोद्या, बराकी व जहाजे यांतून पसरला. कराचीस हिंदुस्थान या नौकेने आपल्या तोफा खरोखरच उडविल्या. ज्या साम्राज्याने त्या तोफा बसविल्या व ज्यांना चालविण्यास शिकविले, तेच हात त्या साम्राज्यावर उठले. साम्राज्याच्या जमाखर्चात तोफेची किंमत लिहिली होती. गोलंदाजाच्या मनाची लिहावयाची राहून गेली होती. आज गोलंदाज आमचा, सरकार आमचे, गोदी आमची. तेव्हा उरलेला हिस्सा आमचा नसण्यास आता दोष कोणास द्यावा? इंग्रजास देण्याची सोय 1947 मध्ये संपली.

येथे न्यायासाठी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आपल्या नौकांवरची 76 मिलिमीटरची तोफ परदेशातून तयार होऊन येत नाही. ती हरिद्वारच्या भारत हेवी इलेक्ट्रिकल्स या सरकारी कारखान्यात इटालियन कंपनीच्या परवान्याने बनते. 30 नोव्हेंबर 2023 रोजी त्याच कारखान्याशी अशा 16 सुधारित तोफांचा 2,956.89 कोटी रुपयांचा करार झाला. हरिद्वारचे कारागीर आदरास पात्र आहेत. परंतु परवाना म्हणजे मालकी नव्हे, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही कळते. खंडाने घेतलेल्या शेतात पीक कितीही जोमदार आले, तरी बांध हलविण्याचा अधिकार खंडकऱ्यास नसतो. तोफेची नळी वाढवावयाची, नवा गोळा काढावयाचा, दुसऱ्या देशास विकावयाची, तर मूळ मालकाच्या संमतीचा प्रश्न येतोच.

'तोफ रचणे आम्हांस जमणार नाही' असे म्हणण्याची सोय पुण्याने आता कोणास ठेवलेली नाही. पाषाणच्या संरक्षण संशोधन संस्थेत 155 मिलिमीटरच्या ओढ्या तोफेचे काम 2013 मध्ये हाती घेतले गेले. भारत फोर्ज व टाटा या दोन खाजगी कारखान्यांस बरोबर घेऊन ती तयार झाली, वाळवंटात व थंडीत तिची परीक्षा झाली, आणि मार्च 2025 मध्ये अशा 307 तोफांचा सुमारे 6,900 कोटींचा करार झाला. जमिनीवरची तोफ आणि डुलत्या डेकवरची तोफ या दोन भिन्न वस्तू आहेत, हे आम्ही जाणतो. समुद्राची खार, आपोआप भरणी, विमानाच्या वेगाने फिरणे, हे सारे नव्याने सोडवावे लागेल. पण नळीचे पोलाद, ती ओढण्याची व आतून घासण्याची विद्या, मागचा धक्का गिळणारे सिलिंडर, ही अर्धी वाट पुण्याने चालून दाखविली आहे. मग 127 मिलिमीटरच्या नाविक तोफेसाठी आम्ही अजून परदेशी दुकानाच्या पायरीवर किती वर्षे बसणार? माझगाव, पुणे व हरिद्वार यांना एकत्र बसवून, मुदत घालून, पैसा बांधून देऊन हे काम सोपवावे. आणि पहिल्या दोन परीक्षांत अपयश आले तर लोकसभेत आरडाओरड न करता तिसरीची तयारी करावी.

परंतु दोष सर्वस्वी सरकारच्या माथी मारून मोकळे होण्याची जी सवय आमच्या सुशिक्षित वर्गास लागली आहे, ती आम्हांस मान्य नाही. ओतारी, लोहार, तांबट, पांचाळ यांच्या हातांत ही विद्या पिढ्यान् पिढ्या होती, आणि आम्ही शाईने बोटे काळी करणाऱ्यांनी कोळशाने बोटे काळी करणाऱ्यांस पंगतीत जवळ बसू दिले नाही. आजही आमच्या नव्या मुंबईच्या घराघरांत मुलास संगणकाची पदवी मिळाली तर पेढे वाटतात, आणि फिटर अथवा वेल्डर होतो म्हणाला तर आईबाप शेजाऱ्यांपासून ती बातमी लपवितात. ठाणे-बेलापूरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात लेथवर उभा राहून केसाच्या जाडीइतके अचूक काम करणारी माणसे आहेत. त्यांच्या लग्नाच्या वेळी मात्र पगार नव्हे तर कपड्यांवरचे तेल मोजले जाते. पहाटेच्या अंधारात तोफेची बैठक जुळविणारा मनुष्य ज्या समाजात हलका ठरतो, त्या समाजास तोफ उसनीच मिळणार. वकील पुष्कळ झाले. आम्ही स्वतः त्याच धंद्यातले असल्यामुळे हे सांगण्याचा अधिकार आम्हांस आहे.

तोफेच्या दुसऱ्या टोकास दारूगोळा असतो, आणि तो आमच्या अंगणात आहे. उरणजवळ करंजा येथे नौदलाचे शस्त्रागार आहे. त्याच्याभोवती सुरक्षापट्टा असावा याबद्दल शहाण्या माणसाचे दुमत असू नये. 14 एप्रिल 1944 रोजी समोरच्याच किनाऱ्यावर व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन हे सुमारे 1,400 टन स्फोटके व कापसाच्या गाठी एकत्र भरलेले जहाज फुटले, तेव्हा शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली आणि मुंबईच्या बंदराचा एक भाग राख झाला. स्फोटके व कापूस एका पोटात भरणाऱ्या अधिकाऱ्यांच्या निष्काळजीपणाची ती किंमत होती. अलीकडे, 24 जानेवारी 2025 रोजी, भंडाऱ्याच्या आयुधनिर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार मृत्यू पावले. तेव्हा पट्टा हवा, अंतर हवे, नियम कडक हवेत. पण ज्यांच्या घरांवरून हा पट्टा आखला गेला त्या उरण-करंजाच्या लोकांचा प्रश्न नव्वदच्या दशकापासून आजपर्यंत लोंबकळत ठेवणे, हे कोणत्या न्यायात बसते? घर पाडत नाहीत, विकत घेत नाहीत, दुरुस्त करू देत नाहीत, मालकी स्पष्ट करीत नाहीत. देशाच्या रक्षणासाठी जमीन लागते तर कायद्याने घ्या आणि आजच्या बाजारभावाने मोबदला द्या. लागत नसेल तर सातबाऱ्यावरचा शेरा पुसून टाका. या मुलखाने बंदरासाठी, शहरासाठी व विमानतळासाठी जमिनी दिल्या आहेत, आणि जानेवारी 1984 मध्ये योग्य मोबदला मागताना पाच शेतकऱ्यांनी प्राणही दिले आहेत. अशा लोकांपुढे देशभक्तीचा पाठ वाचण्याचे धाडस निदान आम्हांस तरी होणार नाही.

माझगाव गोदीचेच एक आवार न्हावा येथे, या आमच्या किनाऱ्यावर आहे. मागे तेथे समुद्रातील तेलविहिरींच्या फलाटांची कामे होत. नौदलाच्या नव्या नौकांची संख्या वाढणार व माझगावची जागा अपुरी पडणार हे उघड दिसत असता, तोफेच्या बैठकी तासण्याची, जुळवणीची व बंदरातील परीक्षेची कामे येथे आणता येतील की नाही, याचा विचार गोदीने व राज्य सरकारने मिळून करावा. त्यासाठी उरण, पनवेल व बेलापूर येथील प्रकल्पग्रस्तांच्या मुलांना उमेदवारीच्या ठरावीक जागा राखून द्याव्या, आणि त्यांच्या शिक्षणाचा खर्च तोफांच्या खरेदीसाठी मंजूर झालेल्या रकमेतूनच काढावा. समुद्रात बार काढण्याच्या दिवसांची सूचना करंजा, मोरा व दिवाळे येथील कोळ्यांस निदान आठ दिवस आधी, मराठीत, बंदराच्या फळ्यावर लावून व तांडेलांच्या भ्रमणध्वनीवर पाठवून मिळावी. आणि त्या दिवसांचे मासेमारीचे नुकसान भरून देण्याचा दर एकदा ठरवून जाहीर व्हावा. या मागण्यांसाठी नवा कायदा लागत नाही, संसदेची परवानगी लागत नाही. आमच्या भागाच्या लोकप्रतिनिधींनी पुढील अधिवेशनात 127 मिलिमीटरच्या तोफेविषयी आणि करंजाच्या सुरक्षापट्ट्याविषयी असे दोन प्रश्न लेखी विचारावेत. त्यांस जे उत्तर मिळेल ते आम्ही याच स्तंभात जसेच्या तसे छापू.